कानामागून आलेली

२०१८ सालच्या दिवाळीनंतर केव्हा तरी आमच्या ध्यानात आले की फोन वाजला की आमचा हात आपण होऊन डाव्या कानाकडे वळतो. उभ्या आयुष्यात आम्ही फोन उजव्याच कानाला लावला. आता तो तेथे लावला की पलीकडे कोणी बोलत आहे एवढे कळे. काय बोलत आहे ते कळत नसे. आवाज येई, शब्द येत नसत. बत्तीस वर्षे शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला ही तक्रार जरा चमत्कारिक वाटली. विद्यार्थ्यांविषयी आम्ही नेमकी हीच तक्रार वर्षानुवर्षे करीत आलो होतो.

त्याच सुमारास त्या कानात एक घरघर सुरू झाली. कापसाच्या हंगामात आमच्या बाभुळगावात रात्री लांबून जिनिंगचा आवाज येतो, तशी. सुरुवातीला तो जिनिंगचाच आवाज आहे अशी आमची प्रामाणिक समजूत होती. फाल्गुन उजाडला, कापूस संपला, यंत्रे थांबली, आणि आमच्या कानातले जिनिंग मात्र चालूच राहिले. तेव्हा बस धरून यवतमाळला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी कानात मळ नाही, पडदा शाबूत आहे असे पाहून घेतले आणि आम्हाला एका बंद खोलीत बसवून यंत्राने तपासले. निरनिराळ्या उंचीचे स्वर ऐकू आले की बोट वर करायचे. त्यात आम्ही बऱ्यापैकी उत्तीर्ण झालो. मग शब्दांची पाळी आली. ऐकू येईल तो शब्द परत म्हणायचा. डाव्या कानाने पंचवीसपैकी चोवीस, उजव्याने अकरा. स्वर येतात पण शब्द जुळत नाहीत, आणि तेही एकाच बाजूला, हे डॉक्टरांना आवडले नाही. वयाने येणारा बहिरेपणा सहसा दोन्ही कानांना सारखाच धरतो. ‘एमआरआय करून घ्या, कॉन्ट्रास्ट देऊन,’ ते म्हणाले.

मार्च २०१९. अहवालात लिहिले होते की उजव्या अंतःकर्णनलिकेत अकरा मिलिमीटरची गाठ दिसते. व्हेस्टिब्युलर श्वानोमा असावा.

येथवर आम्ही ‘आम्ही’ म्हणत आलो ते जुन्या लेखनसवयीने. वास्तविक आम्ही एकटेच. पण हा अहवाल हाती आल्यापासून ते बहुवचन अगदीच निराधार राहिले नाही.

‘श्वानोमा’ हा शब्द मराठी माणसाने पहिल्यांदा वाचला की त्याला काय दिसते ते सांगायला नको. आम्हीही शब्दाची फोड करीत बसलो. वस्तुतः तो थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून आलेला आहे. मज्जातंतूंभोवती ज्या पेशींचे वेष्टन असते त्या पेशींना त्याचे नाव आहे, आणि त्यांचीच गाठ झाली की तो श्वानोमा. घरी हे सारे समजावून सांगितल्यावर आमची पत्नी, जी दर वर्षी माहूरला जाऊन येते, एवढेच म्हणाली, ‘दत्ताच्या पायाशी चार असतात. तुमच्या कानात एक आला.’ त्या दिवसापासून घरात त्या गाठीचा उल्लेख ‘ते’ असाच होऊ लागला. ‘ते काय म्हणते आज?’ ‘ते निजले आहे.’

आठवी नस कानाकडून मेंदूकडे जाते ती हाडातल्या एका चिंचोळ्या बोगद्यातून. तिच्यात ऐकण्याचे तंतू आहेत, तसेच तोल सांभाळण्याचेही आहेत. गाठ उगवते ती बहुधा तोलाच्या तंतूंवर, पण तक्रार करतात ते ऐकण्याचे तंतू. खोली एकच असल्यामुळे शेजाऱ्याचा पसारा आधी दुसऱ्याला जाचतो. याच बोगद्यातून चेहऱ्याची नसही जाते; डोळा मिटणे, ओठ हलणे, हसणे, सगळे तिच्या हाती. बोगद्याच्या आतल्या तोंडाशी मेंदूचा मूळ दांडा. डॉक्टर अशा गाठीला सौम्य म्हणतात, आणि ते खरेच आहे. ती कर्करोग नव्हे, अंगभर पसरत नाही, वाढली तर वर्षाला एखादा मिलिमीटर, पुष्कळदा तेवढीही नाही. मात्र स्वभाव सौम्य असला तरी बिऱ्हाड भलत्या जागी आहे.

नागपूरला मेंदूच्या शल्यचिकित्सकांकडे गेलो तेव्हा वाटले होते की ते तारीख देतील. त्यांनी फोटो दिव्यावर लावला, बराच वेळ पाहिला आणि तीन वाटा सांगितल्या. उघडून काढणे ही एक. किरणांनी जागच्या जागी थांबवणे ही दुसरी. आणि काहीच न करता ठरावीक काळाने फोटो काढीत राहणे ही तिसरी. ‘तुमच्या वयाला, एवढ्या गाठीला, आज तिसरी,’ ते म्हणाले. ‘पण निर्णय तुमचा.’

हे शेवटचे वाक्य आम्हाला कित्येक दिवस पचले नाही. गावातून शंभर मैल गेलेल्या माणसाला डॉक्टरने ‘निर्णय तुमचा’ म्हणणे म्हणजे देवळात गेल्यावर पुजाऱ्याने ‘देव कुठे ठेवू?’ असे विचारण्यासारखे आहे.

गावात परतलो तो बातमी आमच्याआधी पोचलेली. ‘गाठ’ हा शब्द आमच्याकडे एकाच अर्थाने ऐकला जातो. लग्नगाठ, भेटीगाठी, पदराची गाठ, हे सगळे अर्थ आम्ही मुलांना शिकवले. पण डॉक्टरच्या तोंडून गाठ आली की ऐकणारा मनात वर्षे मोजू लागतो. पारावरच्या मंडळींना कोडे वेगळेच होते. एक जुना विद्यार्थी, आता चांगला पन्नाशीचा, रस्त्यात थांबवून म्हणाला, ‘सर, गाठ हाय तं काढून काऊन नाई टाकत?’ पैशाची अडचण असेल तर सांगा, असेही त्याने हळूच सुचवले. एकाने चूर्ण आणून दिले, एकाने अंजनगावच्या बाजूच्या कोणा जाणकाराचा पत्ता. पैसे नाहीत म्हणून इलाज करीत नाहीत, किंवा भितात म्हणून करीत नाहीत, एवढ्या दोनच शक्यता लोकांना दिसत होत्या. डॉक्टरनेच थांबायला सांगितले आहे यावर विश्वास ठेवायला कोणी तयार नव्हते. खरे सांगायचे तर रात्री दोन वाजता आमचाही बसत नसे.

त्या रात्रींत आम्ही या रोगाचा इतिहास वाचला. अमेरिकेतील शल्यचिकित्सक हार्वी कुशिंग यांनी १९१७ साली याच गाठींवर एक ग्रंथ लिहिला. त्यांच्याकडे येणारे रोगी डोके फुटेल असे दुखणारे, ओकाऱ्या होणारे, दृष्टी विझत चाललेले असत. गाठ तोवर लिंबाएवढी झालेली असे. त्यांना ‘थांबू या का?’ असे विचारण्यात अर्थच नव्हता. आमचा जन्म १९५८ चा. त्याच्या जेमतेम नऊ वर्षे आधी, १९४९ साली, डॉ. जेकब चँडी यांनी वेल्लोरला मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग सुरू केला होता, आणि दुसऱ्या वर्षी डॉ. बी. राममूर्ती यांनी मद्रासला. त्या काळात बाभुळगावचा मास्तर एका कानाने बहिरा झाला असता तर तो नुसता बहिरा झाला असता. त्याला गाठ ‘झाली’च नसती; असती, पण झाली नसती. बोगद्यात अकरा मिलिमीटरचे काही आहे हे दिसू लागले ते एमआरआय आल्यावर, म्हणजे १९८० नंतरच्या दशकात. थांबावे की नाही हा प्रश्न आमच्यापेक्षा वयाने लहान आहे. त्यामुळे त्याविषयी आजीकडून, आईकडून काही कानावर आलेले नाही. म्हण नाही, ओवी नाही, व्रत नाही. असो.

सहा महिन्यांनी दुसरा फोटो. या वेळी गर्दीमुळे दुसऱ्या एका केंद्रात काढला, आणि अहवालात आकडा आला चौदा. सहा महिन्यांत तीन मिलिमीटर! ज्यांच्याकडे तो अहवाल प्रथम दाखवला त्या शल्यचिकित्सकांनी महिन्याच्या आत उघडावे लागेल असे सांगितले. कान पूर्ण जाईल, चेहऱ्याची नस वाचवण्याचा प्रयत्न करू. आमच्या पत्नीने त्या रात्री आमच्या चेहऱ्याकडे ज्या रीतीने पाहिले ते आम्ही विसरलो नाही. माणूस घर सोडताना भिंतींकडे पाहतो तसे ती पाहत होती. नागपुरात डॉक्टरी करणाऱ्या भाच्याने धीर द्यावा म्हणून फोनवर सांगितले की मार्क रफालो या हॉलिवुडच्या नटाला हाच रोग होता. २००१ च्या सुमारास शस्त्रक्रिया झाली, डावा कान गेला, चेहऱ्याची एक बाजू कित्येक महिने लुळी होती, तरी पुढे तो केवढा मोठा नट झाला. आम्ही त्याला विचारले, ‘नट झाला म्हणजे चेहरा परत आला ना?’ ‘आला, मामा.’ ‘तेवढेच सांगायचे होतेस.’

तारीख ठरण्याआधी नागपूरच्या पहिल्या डॉक्टरांकडे दोन्ही सीड्या घेऊन गेलो. त्यांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले आणि पट्टी धरल्यासारखे स्वतः मोजले. पहिल्या केंद्राने गाठ नलिकेच्या दिशेने मोजली होती, दुसऱ्याने तिरकी. शिवाय दुसऱ्या यंत्राचे काप जाड होते. एकाच रीतीने मोजल्यावर दोन्हींत अकराच. गाठ वाढली नव्हती. तिचा अहवाल वाढला होता.

त्या केंद्राचे नाव घेण्याचे कारण नाही. अशी चूक कोठेही होऊ शकते, आणि एक-दोन मिलिमीटरचा फरक या मोजणीत गृहीतच धरतात. परंतु तीन मिलिमीटरच्या कागदी वाढीवर आमच्या डोक्याचे हाड उघडले जाणार होते. पुढे कधी कोणावर अशी वेळ आली तर एवढे करावे की फोटो दर वेळी शक्यतो त्याच यंत्रावर काढावा, नुसता अहवाल न घेता सीडी घ्यावी, आणि तुलना मागच्या अहवालाशी न करता मागच्या फोटोशी करायला सांगावी. आणि ती केवळ लगेच आधीच्या फोटोशी नव्हे, तर अगदी पहिल्या फोटोशीही. वर्षाला एक मिलिमीटर हा मोजणीच्या चुकीत बेमालूम लपतो. दर वर्षी ‘फरक नाही’ असे लिहून येते आणि पाच वर्षांत गाठ दीडपट झालेली असते.

या प्रकरणानंतर थांबणे म्हणजे काय हे आम्हाला ज्याने समजावले तो डॉक्टर नव्हता. तो आमचा धाकटा भाऊ. घरची पाच एकर तोच पाहतो.

आमच्या जिल्ह्याला २०१७ साल विसरता येत नाही. त्या वर्षी कपाशी पुरुषभर वाढली होती, गुलाबी बोंडअळीचे भय सगळ्यांच्या मनात होते, आणि जो तो फवारत होता. दोन-दोन, तीन-तीन औषधे एकत्र करून, उघड्या अंगाने, डोक्याच्या वरपर्यंत. यवतमाळ जिल्ह्यात त्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर गेले. रुग्णालयात गेले ते शेकडो. आमचा भाऊ त्या शेकड्यांत होता. चार दिवस त्याला समोरचे माणूस धुरकट दिसत होते. त्याच्या शेतात त्या दिवशी फवारण्याइतकी अळी होती की नव्हती, हे त्याने पाहिलेच नव्हते. शेजारच्या धुऱ्यावर पंप चालू झाला, म्हणून याने चालू केला.

त्यानंतर तो कामगंध सापळे लावू लागला. एकरी दोन. सापळ्यात मादीच्या गंधाची गोळी असते, नर पतंग येऊन अडकतात, आणि सकाळी ते मोजायचे. त्याने वहीच घातली. कृषी विद्यापीठाची माणसे सांगतात तो नियम त्याला तोंडपाठ आहे. सापळ्यामागे आठ पतंग, आणि तेही सलग तीन रात्री. किंवा शंभरातल्या दहा फुलांच्या डोमकळ्या झालेल्या, नाहीतर दहा बोंडे किडलेली. त्याखाली औषध नाही. त्यावर गेले की उशीर नाही.

‘एका रातीचे बारा आले तरी मी हात लावत नाही, दादा,’ तो म्हणाला. ‘वारा असते, चांदणं असते. तीन राती पाहावं लागते.’

आम्ही त्याच्याकडे पाहतच राहिलो. आम्ही फोटोंच्या मध्ये जे करीत होतो ते थांबणे नव्हतेच. आम्ही नुसते भीत होतो. आठचा आकडा आम्ही ठरवलाच नव्हता. त्यामुळे कोणताही आकडा आला तरी आम्ही घाबरलो असतो, आणि ज्या दिवशी घाबरायला हवे त्या दिवशी कदाचित आम्ही थकून गेलो असतो.

पुढल्या भेटीत डॉक्टरांना सरळ विचारले, किती झाले की तुम्ही बदलाल? त्यांना प्रश्न आवडला असावा. त्यांनी बोलत बोलत सांगितले ते आम्ही तेथेच वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतले. पहिल्या फोटोपासून तीन मिलिमीटरहून अधिक वाढ, त्याच यंत्रावर, आणि ती सलग दोन फोटोंत दिसलेली. चेहऱ्यावर मुंग्या किंवा लुळेपणा, चालताना तोल जाणे, सतत डोके दुखणे, यांतले काही झाले तर फोटोची वाट न पाहता यायचे. आणि गाठ दोन सेंटिमीटरच्या पुढे जाऊ द्यायची नाही, कारण मग किरणांची वाट अवघड होत जाते आणि उघडण्याचीच उरते. ऐकण्याविषयी त्यांनी काहीच लिहू दिले नाही. ‘गाठ वाढो न वाढो, कान हळूहळू जाईल. तो हिशेबात धरू नका,’ ते म्हणाले. ही गोष्ट आम्हाला आधी कोणी इतकी स्वच्छ सांगितली नव्हती. थांबण्याचे मोल आम्ही कानाने देत होतो. आणि न थांबलो असतो तरी बहुधा कानानेच दिले असते.

वर्षे गेली. २०२० सालचा फोटो टाळेबंदीत राहूनच गेला. फेब्रुवारी २०२१ मध्ये बारा. मार्च २०२२ मध्ये तेरा. या काळात कानाचे जगणे कसे बदलते ते थोडे सांगितले पाहिजे, कारण अहवालात ते कोठेच येत नाही. एका कानाने ऐकू कमी येते एवढेच होत नाही. आवाज कोणत्या बाजूचा हे कळेनासे होते. मागून मोटारसायकल आली की ती दोन्ही बाजूंनी आल्यासारखी वाटते. बैलगाडीच्या घुंगरांचा आवाज सगळ्या आकाशातून येतो. पंगतीत उजवीकडच्या माणसाला आम्ही शिष्ट वाटतो. वर्षश्राद्धाच्या, बारशाच्या घरी जाणे आम्ही कमी केले, कारण दहा माणसे एकदम बोलू लागली की आम्ही केवळ मान हलवतो, आणि एकदा मान भलत्याच ठिकाणी हलली. संस्कृतात पत्नीला वामांगी म्हणतात. हा शब्द आम्ही वर्गात अनेकदा सांगितला. आता तो घरात शब्दशः खरा झाला. ती आमच्या डावीकडे बसते, डावीकडून चालते, आणि आम्ही चुकून बाजू बदलली की मुकाट्याने फिरून पुन्हा डावीकडे येते.

मार्च २०२३ च्या फोटोत पंधरा.

चार मिलिमीटर, पण एकच फोटो. नियमाप्रमाणे सप्टेंबरात पुन्हा काढायचा होता. मधल्या काळात, त्या ऑगस्टात, भाच्याने एक लेख पाठवला. नॉर्वेत बर्गन येथील डॉक्टरांनी याच लहान-मध्यम गाठींचे शंभर रोगी घेतले, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. पन्नास जणांना लगेच किरण, पन्नास जणांना थांबून फोटो. चार वर्षांनी किरण घेतलेल्यांच्या गाठी आकारमानाने सरासरी थोड्या आटल्या होत्या, थांबलेल्यांच्या सुमारे दीडपट झाल्या होत्या. थांबलेल्यांपैकी एकवीस जणांना मधल्या काळात किरण द्यावे लागले. ऐकणे, तोल, एकंदर जगण्याची प्रत यांत मात्र दोन गटांत म्हणावा असा फरक नव्हता. भाच्याला त्यात किरण घेण्याचे कारण दिसले. आम्हाला दिसले ते उरलेले एकोणतीस. एकच कागद दोघे वाचतात आणि ज्याला जे हवे ते त्यातून निघते. साहित्याच्या बाबतीत हे आम्हाला ठाऊक होते, आकड्यांच्या बाबतीत नव्हते.

सप्टेंबर २०२३ मध्ये सोळा.

आता पाहा, माणूस कसा असतो. ज्या आकड्याची आम्ही साडेचार वर्षे वही घालून वाट पाहिली तो आला, सलग दोनदा आला, आणि आम्ही त्याच्याशी घासाघीस सुरू केली. सोळा म्हणजे अजून दोन सेंटिमीटर नव्हे. चेहरा ठणठणीत आहे. नॉर्वेवाल्यांच्या मते ऐकण्यात फरक पडत नाही. आणखी एक फोटो पाहू. तुरीचे पैसे येऊ देत. पौष जाऊ दे. वास्तविक आमचा पौषावर कधी विश्वास नव्हता. आम्हाला खरे भय वाटत होते ते वेगळेच. इतकी वर्षे निजलेल्याला आपण होऊन हात लावायचा. आजवर जे झाले ते गाठीने केले. यापुढे चेहऱ्याला काही झाले तर ते आम्ही केलेले असेल.

भाऊ संध्याकाळी आला होता. त्याने आमचे सगळे म्हणणे ऐकून घेतले. मग कोनाड्यातली वही काढली, शेवटचे पान उघडले आणि आमच्यापुढे धरले.

‘दादा,’ तो म्हणाला, ‘आठ झाले.’

किरणांची शस्त्रक्रिया हा शब्दप्रयोग जरा फसवा आहे, कारण तीत काही कापत नाहीत. स्वीडनच्या लार्स लेक्सेल यांनी ही कल्पना १९५१ साली मांडली आणि १९६८ साली स्टॉकहोममध्ये पहिले यंत्र उभे केले. आपल्याकडे ते १९९७ साली मुंबईला हिंदुजात आणि दिल्लीला एम्समध्ये आले. जानेवारी २०२४ मध्ये आम्ही धामणगावहून गाडीने मुंबईला गेलो. खर्च आला तो पाच एकरांच्या दोन हंगामांत हाती उरते त्याहून अधिक. सकाळी डोक्याला भूल देऊन चार स्क्रूंनी एक धातूची चौकट घट्ट बसवली. दुखले असे नाही, पण कवटी म्हणजे एक वस्तू आहे, जिला स्क्रू बसतात, हे प्रथम कळले. चौकटीसकट एमआरआय, मग डॉक्टर आणि भौतिकशास्त्रज्ञ यांची तासभर आखणी, मग यंत्र. आत १९२ ठिकाणी कोबाल्ट आहे. प्रत्येक किरण एकटा इतका दुबळा की वाटेतल्या मेंदूला त्याचे विशेष काही वाटत नाही. सगळे एका बिंदूत मिळतात तेथेच काय ते होते. आम्हाला तेरा ग्रे दिले. आत काहीच जाणवत नाही, ऐकू येत नाही, भाजत नाही. दुसऱ्या दिवशी कपाळावर चार चिकटपट्ट्या लावून आम्ही परत निघालो. धामणगाव स्थानकावर ओळखीच्या एकाने विचारले, ‘झालं का ऑपरेशन? काढली गाठ?’ काढली नाही, म्हटले. मग मुंबईला काय केलं, या प्रश्नाचे उत्तर द्यायला आम्हाला बाभुळगावपर्यंतचा रस्ता पुरला नाही.

कारण गाठ काढत नाहीतच. ती वाढायची थांबते, दहापैकी नऊहून अधिक जणांत थांबते, आणि पुढे काही वर्षांत कदाचित थोडी आटते. परंतु मुंबईच्या डॉक्टरांनी निघताना बजावले होते की पहिल्या वर्षात ती फुगलेली दिसू शकते. पेशी मरतात, सूज येते, फोटोत आकडा वाढतो. ‘घाबरून कोणाकडून उघडून घेऊ नका,’ हे त्यांचे शब्द. जुलै २०२४ च्या फोटोत अठरा आले, आणि गाठीच्या मध्यभागी काळसर पोकळी. आम्ही वहीत लिहिले, ‘अठरा. सूज.’ आणि ‘सूज’ पुढे प्रश्नचिन्ह काढून ते पुन्हा खोडले. त्या सहा महिन्यांत दोन-तीनदा आरशापुढे उभे राहून आम्ही डोळे घट्ट मिटून पाहिले, गाल फुगवून पाहिले. आधी थांबलो होतो गाठ वाढते का ते पाहण्यासाठी. आता ती वाढली असूनही वाढलेली नाही, असे धरून थांबायचे होते. याला सापळा कोणता लावावा, हे भावालाही सांगता आले नाही.

जानेवारी २०२५ मध्ये नागपूरला पुन्हा फोटो झाला. परतीच्या यवतमाळ बसमध्ये आम्ही नेहमीप्रमाणे उजवीकडची खिडकी धरली, म्हणजे पत्नी आपसूक डावीकडे. तिच्या मांडीवर सीड्यांची पिशवी, त्यात आता नऊ झाल्या आहेत. देवळी मागे पडल्यावर फोन वाजला. भावाचा होता.

‘किती?’

‘सतरा.’

थोडा वेळ तो बोलला नाही. मागे इंजिनाचा आवाज येत होता. बांधावर तूर काढणे चालले असावे.

‘मंग सापळे काढाचे का आता?’

‘नाही. एक वर्षाने बोलावले आहे.’

‘बरं,’ तो म्हणाला. ‘कळंबला बस थांबन तं मोटरचा कॅपॅसिटर घेऊन येजा. इकडं भेटून नाई राह्यला.’

किती मायक्रोफॅरडचा ते त्याने सांगितले, ते मात्र आम्हाला ऐकू आले नाही. पत्नीने फोन आमच्या हातून घेतला आणि आकडा पिशवीवर लिहून घेतला.